फ्रान्समधलं जुनं शेतघर दुरुस्त करताना कुत्रं, मांजरं, कोंबड्या, शेळ्या आणि पोरं कशी सांभाळायची

आमच्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर मागच्या दारापासून थेट शेगडीपर्यंत कोंबडीच्या पायांचे ठसे आहेत. चुन्याचा शेवटचा थर ओढून आम्ही चहा प्यायला बाहेर बसलो आणि कोणीतरी (नाव घेत नाही, एकाच घरात राहायचंय) मागचं दार नुसतं ओढून घेतलं होतं, कडी घातलीच नव्हती. चार कोंबड्या आत, खाली ओला चुना, आणि त्यांना हाकलायला आमचा कुत्रा बंड्या मागून भुंकत. त्या दिवशी कोंबड्यांचे पाय धुता धुता माझ्या डोक्यात पक्कं बसलं की जनावरं असलेल्या घरात कामाचा क्रम गवंडी किंवा प्लंबर ठरवतो तसा चालत नाही, तो जनावरांकडे बघून लावावा लागतो. आधी कुंपण आणि दारं, मग एक कोरडी खोली, मग छप्पर, मग भिंती, आणि किचन, टाइल्स, रंग वगैरे जे आपल्याला पहिलं हवं असतं ते सगळ्यात शेवटी. आम्ही बरोब्बर उलटं केलं, म्हणून एवढं लिहायला मटेरियल आहे.

थोडक्यात आमचं: तुलूझला फ्लॅटमध्ये आठ वर्षं काढली, मग क्रूझ जिल्ह्यात एक जुनं शेतघर घेतलं. क्रूझ म्हणजे फ्रान्सच्या मधोमध, जुन्या लिमुझां प्रांतात, माणसं कमी, तांबूस गाई जास्त, आणि घरं ग्रॅनाइटची, भिंती हातभर जाड. इथले गवंडी एकेकाळी दर वसंतात पायी पॅरिसला बांधकामावर जायचे, मार्तां नादो त्यातलाच, १८१५ साली इथे जन्मला आणि गवंडीकाम करत करत खासदार झाला. तर अशा गवंड्यांच्या जिल्ह्यात घर घेऊन आम्हाला गवंडी मिळायला सात महिने लागले. घरात नवरा, मी, लेक नऊची, धाकटा पाचचा, पुण्याहून आणलेला बंड्या, दोन मांजरं, कोंबड्या, दोन शेळ्या, आणि वर्षातून तीन महिने सासूबाई.

घर बघायला जाताना

इथे घर विकणाऱ्याला तपासण्यांची एक जाडजूड फाइल द्यावी लागते. बहुतेक लोक त्यातलं एनर्जीचं ए ते जी लेबल बघतात आणि फाइल मिटवतात. पोरं आणि जनावरं असतील तर तीन पानं आधी उघडा. पहिलं शिशाचं: १९४९ च्या आधीचं घर असेल तर रंगात शिसं आहे का ते तपासलेलं असतं, आणि जुन्या खिडक्या-दारांवर ते बहुतेकदा निघतंच. दुसरं ॲस्बेस्टॉसचं: १ जुलै १९९७ च्या आधी परवाना मिळालेल्या बांधकामांना ही तपासणी लागते. घर दगडाचं असलं तरी मागच्या शेडवर ते राखाडी नागमोडी पत्रे असतात ना, ते बघा, कारण नेमक्या त्याच शेडमध्ये तुम्ही कोंबड्या ठेवायचा विचार करत असता. पत्रे धड असतील तर हात लावू नका, ड्रिल नको, प्रेशर वॉशर तर अजिबात नको. फुटलेले असतील तर काढायला त्या कामाची माणसंच बोलवा. तिसरं पान सेप्टिक टँकचं. गावात ड्रेनेज लाइन नसते, तपासणी स्पांक नावाचं सरकारी खातं करतं, आणि रिपोर्ट नापास असेल तर खरेदीनंतर एका वर्षात टँक नियमाप्रमाणे करून घेणं हे विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणजे अंगण जेसीबीने खणलं जाणार. म्हणजे कुंपण, कोंबड्यांचं घर, भाजीचे वाफे, जे काही तुम्ही हौसेने आधी कराल ते उखडणार. आमचं उखडलं.

विहीर असेल तर झाकण आहे का, आणि ते पाच वर्षांच्या पोराने उचललं जातं का, हे स्वतः उचलून बघा. आमच्या विहिरीवर कुजलेली फळी आणि वर जेरेनियमची कुंडी होती, फोटोत फार गोड दिसत होतं. ताबा मिळाल्या दिवशी पहिलं काम लोखंडी जाळी बसवायचं केलं, तेवढंच काय ते आम्ही योग्य क्रमाने केलं. पाणी वापरणार असाल तर मेरीत, म्हणजे गावच्या सरकारी ऑफिसात, विहिरीची नोंद लागते.

आणि एक, घरात आत्ता कोण राहतंय ते बघा. माळ्यावर उंदराच्या लेंड्यांसारखं काही दिसलं तर चिमटीत (ग्लव्ह्ज घालून) चुरगाळा, भुगा होऊन चमकले तर वटवाघळं, कारण ते किड्यांचे पंख असतात. तुळयांवर मातीच्या वाट्या म्हणजे पाकोळ्यांची घरटी. यांचं पुढे येतंच. कराराची सही झाल्यावर, त्याची प्रत हातात पडल्यापासून खरेदीदाराला १० दिवस विनाकारण माघार घेता येते, ते दिवस पडदे निवडण्यात घालवू नका, शेजाऱ्याकडे जाऊन पाऊस पडल्यावर पाणी कुठे साठतं, कोल्हा कुठून येतो, हे विचारा. शेजारच्या मस्यूंनी आम्हाला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं की तुमच्या ग्रांजचा, म्हणजे चाऱ्याच्या कोठाराचा, मागचा कोपरा ओला असतो. आम्ही हसून मान डोलावली आणि चारा तिथेच ठेवला. सगळा बुरसला.

भारतातून कुत्रं-मांजर आणायचं असेल तर

हे बरेच जण विचारतात म्हणून मध्येच घालतेय. रेबीजच्या बाबतीत भारत युरोपच्या सवलतीच्या यादीत नाही, त्यामुळे क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस (चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत), लसीनंतर कमीत कमी ३० दिवसांनी रक्त घेऊन युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्ये अँटीबॉडी टेस्ट, त्यात ०.५ किंवा जास्त यायला हवं, आणि रक्त घेतल्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. मग निघायच्या आधीच्या १० दिवसांत सरकारी हेल्थ सर्टिफिकेट. म्हणजे साधारण साडेचार-पाच महिने धरा. घराच्या ताब्याची तारीख आणि ही तारीख एकत्र बसवायला जाऊ नका. इथे पोचलात की स्थानिक व्हेटकडून चिपची फ्रान्सच्या आय-कॅड रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या, आणि पत्ता बदलला की तिथेही बदला. बंड्या दोनदा पळाला, दोन्ही वेळा चिपमुळे परत आला.

इथेच नवीन कुत्रं किंवा मांजर घेणार असाल तर ऑक्टोबर २०२२ पासून एक जबाबदारीचं पत्र सही करावं लागतं आणि त्यानंतर ७ दिवस थांबावं लागतं. माझं प्रामाणिक मत, बांधकाम चालू असताना पिल्लू आणू नका. मोठं झालेलं शांत जनावर आवाज सहन करतं, पिल्लू मात्र ड्रिलच्या आवाजाने कायमचं भित्रं होऊ शकतं, आणि वर ते वायर चावतं.

पहिला महिना: कुंपण, दोन दारं, एक खोली

सगळं शेत बंदिस्त करायच्या भानगडीत पडू नका, परवडणार नाही आणि गरजही नाही. घराला लागून एक छोटा चौकोन पक्का बंद करा, दीड मीटर उंच जाळी, खाली एक फूट आडवी जाळी मातीत गाडून, म्हणजे कुत्रा खालून उकरत नाही आणि कोल्हा आत येत नाही. त्याला दोन गेट एकामागोमाग. एकच गेट असेल तर कामगार दिवसातून तीस वेळा जा-ये करणार आणि त्यातल्या एकदा ते उघडं राहणारच. त्यात त्यांचा दोष नाही, दोन्ही हातात गोणी घेऊन कोण कडी लावणार! दोन गेट असली की एक उघडं राहिलं तरी चालतं. गेटला आपोआप मिटणारी स्प्रिंग लावा, सगळ्या घरखर्चात याच्याएवढे वसूल झालेले पैसे दुसरे नाहीत.

मग एक खोली. जिथे काम सगळ्यात शेवटी होणार ती खोली निवडा, तिथे लाकडाची शेगडी चालू करून घ्या, दरवाजाला खालून ब्रश लावा आणि नियम करा की या खोलीत अवजार येणार नाही, रंगाचा डबा येणार नाही, बूट येणार नाही. आम्ही पहिल्या हिवाळ्यात चार खोल्या एकदम उकरून बसलो आणि शेवटी अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये चार माणसं, एक कुत्रा, दोन मांजरं असे दोन महिने झोपलो. धाकटा अजून म्हणतो ते घर जास्त चांगलं होतं.

मांजरांना नवीन घरात तीन-चार आठवडे आतच ठेवा. फरशीच्या फळ्या उचललेल्या असतील तर मांजर खाली जाऊन बसतं आणि सुतार वरून फळी ठोकून मोकळा होतो. म्हणून रोज संध्याकाळी फळ्या बंद करायच्या आधी डोकी मोजायची. हे वाचताना हसू येतं, पण आम्ही एक अख्खी रात्र भिंतीतून येणारं म्याव शोधत काढली आहे.

शेगडी पेटवायच्या आधी धुराडं साफ करून घ्या, वर्षातून एकदा तर ते बंधनकारक आहे आणि विमा कंपनी त्याची पावती मागते. शिवाय या भागात शूका नावाचे छोटे कावळे धुराड्यात काटक्यांचं घरटं करतात. ते पक्षीसुद्धा संरक्षित आहेत, त्यामुळे घरट्यात पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबायचं, आणि मग वर जाळीची टोपी. लाकूड इथे स्टेरमध्ये मोजतात, एक मीटर लांबीच्या ओंडक्यांचा एक घनमीटर ढीग म्हणजे एक स्टेर. दोन वर्षं वाळलेलंच घ्या. ओलं घेतलंत तर धूर तुमच्या आणि ऊब पाखरांच्या वाट्याला.

कॅलेंडर: कुठलं काम कधी

आम्ही सुरुवातीला कामं आपल्या सुट्ट्यांप्रमाणे लावली. आता किचनच्या दारावर एक मोठं कॅलेंडर आहे आणि त्यावर आधी पक्ष्यांचं, वटवाघळांचं आणि थंडीचं लिहिलेलं असतं, मग उरलेल्या जागेत आमचं.

चुन्याचं काम साधारण ५ डिग्रीच्या खाली करायचं नाही आणि ३० च्या वर करायचं नाही. क्रूझमध्ये मेच्या मध्यापर्यंत रात्री दंव पडू शकतं, इथले म्हातारे ११, १२, १३ मे या तीन बर्फाच्या संतांच्या तारखा जाईपर्यंत टोमॅटोची रोपंसुद्धा बाहेर लावत नाहीत. म्हणजे बाहेरच्या भिंती मेअखेर ते सप्टेंबर.

पाकोळ्या मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि सप्टेंबरात जातात, एका उन्हाळ्यात दोनदा पिल्लं काढतात. त्यांची घरटी रिकामी असली तरी पाडता येत नाहीत, २००९ च्या आदेशाने संरक्षण आहे. वटवाघळांना २००७ च्या. दंड गंमत नाही, कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि दीड लाख युरोपर्यंत दंड लिहिलेला आहे. वटवाघळं उन्हाळ्यात माळ्यावर पिल्लं वाढवतात, हिवाळ्यात फटीत झोपतात, त्यामुळे छपराचं आणि माळ्याचं काम करायला सप्टेंबर-ऑक्टोबरचा काळ त्यातल्या त्यात बरा. पण आधी एल.पी.ओ. या पक्षी-संस्थेच्या किंवा जिल्ह्यातल्या वटवाघळंवाल्या संस्थेच्या माणसाला बोलवून दाखवा, ते येतात, बघतात आणि कुठली फट ठेवायची ते सांगतात. आमच्याकडे त्यांनी ग्रांजच्या दारावर हातभर लांब एक चीर उघडी ठेवायला लावली. सासूबाई म्हणाल्या, वाईच्या आमच्या वाड्यात पाकोळ्या यायच्या तेव्हा आम्ही माडीची खिडकी चार महिने लावतच नसू, त्याला काय कायदा लागतो होय.

ज्यांना संरक्षण नाही पण जे डोकं खातात ते म्हणजे फुईन. मुंगसासारखा लांबट प्राणी, गळ्याखाली पांढरा, रात्री माळ्यावर फुटबॉल खेळतो, इन्सुलेशन फाडून त्यात घर करतो, गाडीच्या वायरी चावतो आणि कोंबड्यांच्या घरात घुसला तर सगळ्या मारतो. त्याला मुठीएवढं भोक पुरतं. म्हणून छपराचं काम चालू असतानाच कडेच्या सगळ्या फटी जाळीने बंद करा (वटवाघळांची ठरवून ठेवलेली सोडून), इन्सुलेशन घातल्यावर सुचलं तर उशीर झालेला असतो.

सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम. रविवारी बंड्याला नारिंगी जॅकेट, पोरांना नारिंगी टोप्या, आणि शेळ्या घराजवळच्या कुरणात. जानेवारी ते एप्रिल पाइनच्या झाडाखाली रांगेने चालणाऱ्या केसाळ अळ्या दिसल्या तर कुत्रा लगेच लांब. त्या अळीला जीभ लागली तर जीभ सुजते, काळी पडते, तुकडा झडूसुद्धा शकतो. न चोळता भरपूर पाण्याने धुवायचं आणि थेट व्हेट, घरगुती उपाय नकोत. गोचिडांचा सीझन वसंतात आणि पुन्हा शरदात. आपल्याकडे जो टिक फीव्हर म्हणतात तसाच इथे पिरोप्लाझमोझ नावाचा आजार आहे, कुत्रा एकदम गळपटला, ताप आला, लघवी कॉफीसारखी झाली तर उद्यावर ढकलू नका.

चुना, विष, गोंद

ग्रॅनाइटच्या जुन्या भिंतीला सिमेंट लावू नका, ओल आत अडकते आणि दगडामधली मातीची भर कुजत जाते. चुनाच लावा. सांध्यांना आणि गिलाव्याला नॅचरल हायड्रॉलिक चुना, गोणीवर एन.एच.एल. २ किंवा ३.५ लिहिलेलं असतं, आणि वरून पांढरा हात द्यायला साधा हवेत सुकणारा चुना. सासूबाईंनी पहिल्यांदा मिक्सर बघितला तेव्हा त्यांना वाड्याच्या चुन्याच्या घाण्याची आठवण झाली, बैल फिरवून चुना मळायचे तो. त्यांचा पहिला प्रश्न मात्र कामाचा होता: चुना आहे तर मग पोरं आणि कुत्रं इथे काय करतायत?

बरोबरच आहे. ओल्या चुन्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, पंजे, डोळे, जीभ सगळं भाजतं. कुत्र्याच्या अंगावर कोरडी पावडर पडली तर आधी ब्रशने झटका, मग भरपूर पाण्याने धुवा, थेट ओलं करून चोळू नका. डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी आणि मग डॉक्टर, माणूस असो की मांजर. कालवलेल्या चुन्याची बादली रात्री झाकून वर वजन ठेवा, मांजर त्यातलं वरचं पाणी प्यायला जातं.

आता बाकीची यादी, यातलं बरंचसं मला घर घ्यायच्या आधी अजिबात माहीत नव्हतं. तुळयांना भुंगा लागलाय म्हणून जे औषध मारतात त्यात बहुतेक वेळा पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजरासाठी जीवघेणं आहे, कुत्र्याला चालतं म्हणून मांजराला चालेल असं समजू नका. वाळून, हवा खेळून होईपर्यंत मांजरं दुसऱ्या घरी, आणि वटवाघळं असलेल्या माळ्यावर तर हे मारायचंच नाही. उंदराचं निळं-लाल विष आम्ही घरात आणतच नाही. ते खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला की तेही जातात, आणि कुत्र्याने थेट खाल्लं तर लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात, तोवर तो नाचत असतो. खाल्लंय असा संशय असला तरी लगेच व्हेटकडे, रिकामं पाकीट बरोबर घेऊन, त्यावर व्हिटॅमिन के १ चा उपचार आहे. पॉलीयुरेथेनचा गोंद कुत्र्यांना गोड वाटतो म्हणे, पोटात जाऊन तो फुगतो आणि ऑपरेशन लागतं. जवसाचं तेल लावलेली फडकी बोळा करून टाकलीत तर ती आपोआप पेट घेतात, पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आमच्या चेस्टनटच्या फरशीला तेल लावलं त्या रात्री फडकी ग्रांजमध्ये चाऱ्याशेजारी होती, आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

जुना रंग घासून काढणार असाल तर कोरडा घासू नका, आणि जे पडेल ते प्लास्टिक अंथरून सगळं गोळा करा. शिशाची ती धूळ भिंतीखालच्या मातीत जाते, कोंबड्या ती माती उकरतात आणि शिसं अंड्यात येतं. शेळ्या तर थेट जुन्या दाराचा रंग चाटतात. म्हणून काढलेली दारं-खिडक्या कुरणाला टेकवून ठेवायची नाहीत, सरळ देशेत्रीला, म्हणजे कचरा जमा केंद्रात. रोज संध्याकाळी अंगणात दोरी बांधलेलं लोहचुंबक फिरवायचं, खिळे-स्क्रू कोंबड्या दाणा समजून गिळतात. हे काम धाकट्याकडे आहे, दर १० खिळ्यांना एक बिस्किट असा दर ठरलेला आहे. (तो स्वतःच खिळे टाकतो असा मला दाट संशय आहे.)

फ्रान्समध्ये जनावरांच्या विषबाधेसाठी वेगळी फोन सेवा आहे, ल्यों आणि नांतच्या व्हेटर्नरी कॉलेजांमध्ये. दोन्हीचे नंबर, तुमच्या व्हेटचा रात्रीचा नंबर, आणि माणसांसाठी १५ आणि ११२, हे मोठ्या अक्षरात दाराच्या आतल्या बाजूला. फोनमध्ये सेव्ह करून भागत नाही, फोनला रेंज नसते.

कोंबड्या, शेळ्या आणि गाढवाचा मोह

कोंबड्या लवकर आणल्या तरी चालतात, फक्त त्यांचं घर फिरतं असू द्या. चाकांवरचं छोटं खुराडं घेतलंत तर जेसीबी आला की ढकलून दुसरीकडे नेता येतं. ५ चौरस मीटरपर्यंतच्या खुराड्याला बांधकामाची परवानगी लागत नाही, (ऐतिहासिक वास्तूच्या परिसरात असाल तर आधी विचारा), ५ ते २० मध्ये मेरीत आधी अर्ज द्यावा लागतो आणि त्याला साधारण एक महिना लागतो. आत एक चौरस मीटरला चारपेक्षा जास्त कोंबड्या नकोत. जाळी बारीक, वेल्ड केलेली घ्या, षटकोनी कोंबडीजाळी कोल्हा दाताने फाडतो. वसंतात कोल्हीण पिल्लांसाठी भरदुपारीसुद्धा येते, त्यामुळे फक्त रात्री बंद केलं की झालं असं नाही. बर्ड फ्लूचा धोका वाढला की सरकार कोंबड्या जाळीखाली ठेवायला सांगतं, घरच्या चार असल्या तरी, म्हणून छप्पर असलेला थोडा भाग आधीच ठेवा. आणि खुराड्याला आतून चुन्याचा हात द्या, फटीतले लाल माइट्स कमी होतात. भिंतीचा उरलेला चुना कुठे वापरायचा हा प्रश्न सुटतो.

शेळ्या दोन तरी हव्यातच, एकटी शेळी ओरडून गाव जागं ठेवते. पण एक शेळी किंवा एक मेंढी हौसेने पाळली तरी जिल्ह्याच्या पशुपालन ऑफिसात नोंद करून नंबर घ्यावा लागतो आणि कानात बिल्ले लागतात. विकणारा बिल्ला नसलेली स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. बागेत य्यू, रोडोडेंड्रॉन, लॉरेल असेल तर शेळ्या यायच्या आधी ते तोडा किंवा कुंपणाबाहेर राहील असं बघा. य्यूच्या थोड्या फांद्यांनी घोडा किंवा शेळी जागच्या जागी मरते, आणि छाटलेल्या फांद्या वाळल्या तरी विषारीच राहतात. शेजारी प्रेमाने बागेचा पाला आणून टाकतात, त्यांनाही सांगून ठेवा. शेळ्यांचं कुंपण आम्ही साधं केलं होतं. गवंडी जेवायला बसला आणि परत आला तेव्हा आमची एक शेळी, गौरी, त्याच्या मचाणावर दुसऱ्या मजल्याशी उभी, आणि त्याचं मोजमापांचं पान तिच्या तोंडात. त्या दिवसापासून विजेचं कुंपण, आणि मचाणाची शिडी रोज काढून ठेवणे.

गाढव आम्ही घेतलेलं नाही, लेकीच्या मते अजून घेतलेलं नाही. त्यालाही सोबत लागते म्हणजे दोन, जागेची नोंद लागते, चिप लागते, आणि २०२२ च्या शेवटापासून घोडा-गाढव पाळणाऱ्याला माहिती असल्याचं प्रमाणपत्रसुद्धा. मचाण उतरलं की बघू.

कामगार

बारा ते दोन जेवण. या वेळात हातोडा थांबतो, ट्रान्झिस्टर चालू होतो आणि गेट सगळी बंद असतात, म्हणून कुत्र्याला मोकळं सोडायची, कोंबड्यांना पाणी द्यायची, पोरांना भिंत दाखवायची हीच वेळ. बाकी दिवसभर बंड्या आतल्या खोलीत. दवी म्हणजे कोटेशन घेताना तीन गोष्टी बघा: नोंदणी नंबर, १० वर्षांच्या जबाबदारीच्या विम्याचं पत्र, आणि टॅक्स किती लावलाय. २ वर्षांपेक्षा जुन्या घराच्या दुरुस्तीला साधारण १० टक्के, ऊर्जा वाचवणाऱ्या ठरावीक कामांना ५.५, नाहीतर पूर्ण २० टक्के. एकाने आम्हाला सगळ्यावर २० लावले होते, विचारल्यावर खांदे उडवून कमी केले. आणि पहिल्याच भेटीत जनावरं आहेत हे स्पष्ट सांगा. एक इलेक्ट्रिशियन कुत्रा बघून गाडीतून उतरलाच नाही, आणि दुसरा शेळ्यांसाठी शिळा पाव घेऊन यायला लागला, शेवटी तोच टिकला. पाव एकेक तुकडाच द्यायचा एवढं त्याला सांगून ठेवलं.

रोजचं

पोरांचं वेळापत्रक शाळेच्या बसवर चालतं आणि बुधवारी दुपारी शाळा नसते, त्यामुळे बुधवारी धुळीचं कुठलंच काम ठेवत नाही. दगड कापणं, घासणं, जुनं इन्सुलेशन काढणं हे सगळं पोरं शाळेत आणि जनावरं दूरच्या कुरणात असतानाच, एफएफपी ३ मास्क लावून, आणि कपडे बाहेर काढूनच घरात यायचं. सगळ्यांचे धनुर्वाताचे डोस वेळेवर. चिखलासाठी दारातच दगडी डोणी ठेवलीय, पूर्वी डुकरांना खायला घालायची, आता बूट आणि बंड्याचे पंजे तिथे धुतले जातात. सासूबाई मार्चमध्ये येतात, शेळ्या त्यांच्याकडे, त्या मराठीत ओरडतात आणि शेळ्या ऐकतात, आम्ही फ्रेंचमध्ये विनवण्या करतो तर ढिम्म.

सध्या घर म्हणाल तर छप्पर झालं, तीन खोल्या झाल्या, किचन ठशांसकट झालं. ग्रांजची आतली भिंत या जूनमध्ये करायची होती, चुना आणून ठेवलाय, गवंडीही चक्क मोकळा होता, पण तुळईवर पाकोळीची दुसरी वीण बसलीय, चार तोंडं दिसतायत. गोण्या फळीवर, कोरड्या कोपऱ्यात, वर ताडपत्री. गवंड्याला सप्टेंबरची तारीख दिलीय.